सेंद्रिय सर्टिफिकेट: हमी मालाची की पद्धतीची?

कोरडवाहू (धागाकर्ता)

आठवडी बाजारात गिऱ्हाईक विचारतं, "ऑरगॅनिक आहे ना? सर्टिफिकेट दाखवा." विक्रेता मोबाइलमधला फोटो दाखवतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि व्यवहार होतो. त्या फोटोतला कागद दोन वर्षांपूर्वी संपलेला असू शकतो, सोयाबीनचा असू शकतो (हातात पिशवी तूरडाळीची), किंवा एखाद्या निविष्ठा कंपनीचा, म्हणजे 'आमचं खत सेंद्रिय शेतीत चालतं' एवढंच सांगणारा असू शकतो. तिन्ही कागदांवर हिरवं पान असतंच. म्हणून हा धागा.

सर्टिफिकेट मालाच्या शुद्धतेचं नसतं. हा माल ठरलेल्या पद्धतीने पिकवला, हाताळला, आणि त्याची नोंद तपासता येते, एवढंच ते सांगतं. हे मान्य केलं की बाकीचा गोंधळ निम्मा होतो.

आपल्याकडे वाटा दोन. पहिली एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम: २००१ पासून, वाणिज्य मंत्रालयाखाली, चालवते अपेडा (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण). मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था बाहेरून येऊन तपासते, सगळी नोंद ट्रेसनेट या ऑनलाइन प्रणालीत जाते. निर्यात करायची तर हीच. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागातून हमी: कृषी मंत्रालयाची, गाझियाबादच्या केंद्राकडून चालणारी. पाच किंवा जास्त शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो, वर प्रादेशिक परिषद शिक्का मारते. देशातल्या विक्रीपुरती.

या दोन्हींच्या डोक्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) २०१७ चा सेंद्रिय अन्न नियम, जो १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पाकिटावर 'सेंद्रिय' लिहून दुकानात ठेवायचं तर दोन्हींपैकी एक वाट धरलेली असलीच पाहिजे, आणि 'जैविक भारत' चिन्ह हवं. लहान उत्पादकाने थेट खाणाऱ्याला विकलं तर सूट आहे, पण मग ते चिन्ह छापता येत नाही. म्हणजे शेतकरी बाजारात टेबल लावून बसलेल्याकडे सर्टिफिकेट नसणं हा गुन्हा नाही. नसताना चिन्ह छापणं हा आहे.

अनुभवी मंडळींनी भर घालावी. 'सगळंच थोतांड' छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

डबाबरणी

चांगला धागा. मी खाणाऱ्यांच्या बाजूची. पाकीट हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं? चिन्ह दिसलं की पुरे का?

---

चाळणी_नंबर_४

चिन्ह छापायला प्रिंटिंग प्रेस पुरते, त्यामुळे चिन्हावर थांबू नका. तूरडाळीचं पाकीट घेऊ, कारण गडबडी सगळ्यात जास्त तिथेच होतात.

पाठीमागे बारीक अक्षरांत प्रमाणन संस्थेचं नाव आणि 'एनपीओपी/एनएबी/' ने सुरू होणारा क्रमांक शोधा. तो क्रमांक संस्थेचा आहे, उत्पादकाचा नाही. एकाच संस्थेच्या शेकडो गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर तोच दिसेल. संस्था आजही मान्यतेत आहे का हे अपेडाच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघता येतं. मग उत्पादकाचा स्वतःचा क्रमांक आणि लॉट नंबर. लॉट नंबर नसेल तर माग काढायची साखळी तिथेच तुटली. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक वेगळा असतो, त्याचा सेंद्रियशी काही संबंध नाही. बरेच लोक त्यालाच सर्टिफिकेट समजतात.

पीजीएस असेल तर दोन चिन्हं आहेत. 'पीजीएस-ग्रीन' म्हणजे शेत अजून रूपांतरणात आहे (रासायनिककडून सेंद्रियकडे जाण्याचा मधला काळ), 'पीजीएस-ऑरगॅनिक' म्हणजे पूर्ण झालं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच भावाने दिसतात.

आता डाळीची मेख. शेतकऱ्याच्या स्कोप सर्टिफिकेटवर 'तूर' लिहिलेली असते. तूरडाळ हे वेगळं उत्पादन आहे. डाळमिलचं स्वतःचं प्रक्रियेचं सर्टिफिकेट हवं, नाहीतर शेतकऱ्याच्या किंवा गटाच्या सर्टिफिकेटमध्ये ती मिल जॉबवर्क म्हणून तपासून नोंदवलेली हवी. सेंद्रिय तूर बिगर-नोंदणीच्या मिलमधून भरडून आणली की कागदोपत्री ती साधी डाळ झाली, तूर कितीही चोख असू दे.

आणि हे उगाच कागदी घोडं नाही. मिलमध्ये आधीचा घाणा साध्या तुरीचा असतो. एलिव्हेटरच्या बुडाशी, रोलरच्या खाली, चाळण्यांत मिळून बराच माल अडकून राहतो. नियमाप्रमाणे मशिन झाडून, हवा मारून, वर सेंद्रिय तुरीचाच थोडा माल चालवून तो साध्यात टाकायचा आणि मग खरा लॉट सुरू करायचा. दिवसाचा पहिला घाणा सेंद्रियचा ठेवला की काम सोपं होतं. मिलवाले कुरकुरतात, कारण सफाईत अर्धा तास जातो आणि तेवढ्यात त्यांचा एक ट्रक उतरला असता.

दुसरी तपासणी वजनाची. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, बाकी चुनी-भुसा. १० क्विंटल तुरीवर ९ क्विंटल सेंद्रिय डाळ विकलेली दिसली की तपासनीस तिथेच पेन खाली ठेवतो.

---

डबाबरणी

बाप रे. चुनी-भुशाचा हिशोबसुद्धा?

---

चाळणी_नंबर_४

हो. चुनी कुठे गेली, कुणाच्या जनावरांना गेली, पावती कुठे. आवक, घट, जावक, शिल्लक. चार रकाने जुळले नाहीत तर टीसी निघत नाही.

---

हळदकाठी

टीसीचा उल्लेख आलाच आहे तर खुलासा करतो, कारण नवे गट इथेच आपटतात.

स्कोप सर्टिफिकेट म्हणजे 'अमुक शेतकरी, जमिनीचा अमुक गट नंबर, इतकं क्षेत्र, ही पिकं, हा अंदाजी उतारा'. मुदत एक वर्ष. टीसी म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, प्रत्येक सौद्याला वेगळं: कुणी कुणाला किती किलो विकलं. घेणारा पुढे 'सेंद्रिय' म्हणून विकणार असेल तर त्याला टीसी लागतंच. ते दिल्यावर तेवढे किलो विकणाऱ्याच्या खात्यातून वजा होतात. बँकेच्या पासबुकासारखं आहे, शिल्लक नसेल तर चेक वटत नाही.

म्हणून नोंदणीच्या वेळी उताऱ्याचा अंदाज नीट द्या. भीतीपोटी एकरी ४ क्विंटल सोयाबीन लिहायचं आणि देवाच्या कृपेने ८ निघालं की वरच्या चाराला टीसी मिळवताना नाकी नऊ येतात. उलट फुगवून लिहिलं तर बाहेरचा माल घुसवायला जागा ठेवली असा संशय. पीक उभं असतानाच फरक दिसला तर काढणीआधी संस्थेला कळवा, ते येऊन बघतात.

आता तारखांचं गणित. वर्षायू पिकांना रूपांतरण २४ महिने, आणि ते *पेरणीच्या आधी* पूर्ण व्हावं लागतं. फळबागेला ३६ महिने, *तोडणीच्या आधी*. समजा संस्थेच्या नोंदीत सुरुवातीची तारीख १० जून २०२५ पडली.

२०२५ चं खरीप आणि मार्च २०२६ चा गहू: कसलंच लेबल नाही, मोंढ्यात साध्या भावाने.
१० जून २०२६ नंतर काढलेला माल: 'रूपांतरणाखाली' म्हणून विकता येतो.
१० जून २०२७ नंतर *पेरलेलं*: पूर्ण सेंद्रिय.

पाऊस लवकर आला आणि ८ जून २०२७ ला तूर टाकली, तर दोन दिवसांसाठी तो अख्खा हंगाम रूपांतरणात गेला. हळदीचं त्याहून वाईट, लागवड मे महिन्यात. मे २०२७ ची हळद २०२८ च्या सुरुवातीला निघेल, तरी ती सेंद्रिय धरली जाणार नाही. आंबेवाल्यांची तीच गत: ३६ महिने १० जून २०२८ ला भरतात आणि मे महिन्यातला हापूस तोवर पेट्यांत बसून गेलेला असतो. हळद किंवा आंबा असेल तर नोंदणी एप्रिलच्या आत उरका. दोन महिन्यांच्या आळसाला एक वर्ष दंड.

२०२५ च्या जानेवारीत एनपीओपीची आठवी आवृत्ती आली, तीत काही अटींवर हा काळ कमी करण्याची सोय आहे. पण पुरावे लागतात. 'आम्ही कधी काही मारलंच नाही' हा पुरावा नव्हे. एखादा एजंट 'सहा महिन्यांत सर्टिफिकेट' म्हणत असेल तर आधी त्याला कोणत्या कलमाखाली ते विचारा.

---

बांधाला_बांध

हळदकाठींना +१. हळदीचाच पुढचा टप्पा सांगतो, कारण शेतात सगळं पाळून लोक शिजवताना हरतात.

कुकर आणि पॉलिशचा ड्रम बहुतेक ठिकाणी भाड्याचा असतो, गावोगाव फिरणारा. आधीच्या गिऱ्हाइकाने ड्रममध्ये पिवळा रंग टाकून हळद घोळवली असेल तर ड्रमच्या जाळीत आणि पत्र्याच्या सांध्यांत तो बसलेला असतो. रंगासाठी लेड क्रोमेट वापरलं गेलं असेल तर शिसं तुमच्या हळदीत उतरतं, आणि प्रयोगशाळेत जड धातूंच्या चाचणीत लॉट जातो. कुकर गरम पाण्याने धुतला की पुरतं. ड्रमचं तसं नाही. स्वतःच्याच खराब कुड्यांचा एक घाणा आधी फिरवून तो फेकून द्यायचा, किंवा गटात मिळून एक ड्रम घ्यायचा.

शेतावरच्या चुका सांगायच्या तर ही माझी यादी, महत्त्वाच्या क्रमाने नाही, वारंवारतेच्या क्रमाने:

पोती. युरियाच्या किंवा डीएपीच्या रिकाम्या गोण्यांत माल भरणं ही महाराष्ट्रातली एक नंबरची चूक आहे. तपासनीस खळ्यावर आला आणि त्याला तसली एक जरी गोणी दिसली, तरी अहवालात येते. 'फक्त बसायला घेतली होती' हे उत्तर सगळ्यांनी देऊन झालंय.

पंप. शेजाऱ्याचा किंवा स्वतःच्याच साध्या शेतावरचा फवारणी पंप. तणनाशक मारलेल्या पंपात निंबोळी अर्क घालून मारला तर अवशेष तर येतातच, शिवाय पीक करपतं. सेंद्रियचा पंप वेगळा, त्यावर रंगाने खूण, आणि तो वेगळ्या खोलीत.

कोठी. माल घरात आल्यावर सोंडे-किडे नकोत म्हणून सल्फासची (विषारी वायू सोडणारं कीडनाशक) पुडी टाकणं. अंगवळणी पडलेलं असतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने टाकलेली असते, आणि वर्षभराची मेहनत जाते. सेंद्रिय धान्य कडक उन्हात वाळवून, ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आणून, हवाबंद पिशवीत भरा.

बांध. शेजारचा रासायनिक असेल तर मधे पट्टा सोडावा लागतो. किती रुंद, ते वारा, उतार, शेजारचं पीक पाहून संस्था ठरवते. पट्ट्यात पीक घेता येतं, पण ते वेगळं काढून साधं म्हणून विकायचं, आणि तसं डायरीत लिहायचं. उंच वाढणारी बोरू, शेवरी किंवा दाट ज्वारी लावली की फवाऱ्याचे थेंब बऱ्यापैकी अडतात. पाण्याचं लक्षात ठेवा: शेजारचं शेत वरच्या अंगाला असेल तर पावसाचं पाणी तुमच्यात उतरतं. वरच्या बांधाला चर खणून ते वळवणं हा पट्ट्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

'बायो' बाटल्या. हा खरा साप. दुकानदार 'शंभर टक्के बायो, ऑरगॅनिकला चालतं' म्हणून देतो, दोन दिवसांत अळी पटापट मरते, आणि प्रयोगशाळेत रासायनिक कीटकनाशक सापडतं. जैविक औषध दोन दिवसांत रान साफ करत नाही. इतका झटका दिसला की समजा आत काहीतरी मिसळलंय. बाटली आणण्याआधी लेबलचा फोटो प्रमाणन संस्थेला पाठवा, लेखी होकार घ्या, पावती फाइलला लावा.

---

पातेलं

हे सगळं ठीक. पण मूळ प्रश्न, खाणाऱ्याला फायदा काय? दुप्पट पैसे मोजून जास्त जीवनसत्त्वं मिळतात का? याचं सरळ उत्तर कुणी देत नाही.

---

अर्धवट_वैद्य

सरळ उत्तर: जीवनसत्त्वांसाठी घेत असाल तर नका घेऊ.

२०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पोषणमूल्यांत ठोस फरक सापडला नाही. कीटकनाशकांचे अवशेष सापडण्याचं प्रमाण सेंद्रियमध्ये ३० टक्केबिंदूंनी (पर्सेंटेज पॉइंट) कमी निघालं. २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचं विश्लेषण झालं. त्यात सेंद्रिय पिकांत अँटीऑक्सिडंट जास्त, कॅडमियम सरासरी ४८ टक्के कमी, आणि अवशेष सापडण्याचं प्रमाण साध्या मालात चौपट आढळलं. कॅडमियमचा एक स्रोत स्फुरदयुक्त रासायनिक खतं असतात, त्यामुळे तो आकडा अनाकलनीय नाही.

कॅन्सरबद्दल दोन मोठे अभ्यास आणि दोन उलट निष्कर्ष. ब्रिटनमधल्या ६ लाखांवर स्त्रियांच्या पाहणीत (२०१४) एकूण धोक्यात घट दिसली नाही. फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत (२०१८) सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांत २५ टक्के कमी दिसली. सेंद्रिय खाणारे लोक एरवीही जास्त भाज्या खातात, कमी सिगारेटी ओढतात. हिशोबात तो फरक काढायचा प्रयत्न केला जातो, पण पूर्ण निघतोच असं नाही. यावरून व्हॉट्सॲपवर 'सेंद्रियने कॅन्सर बरा' फिरवणाऱ्यांना शेणाच्या गवऱ्या थापायला बसवावं.

तेव्हा खाणाऱ्याचा खात्रीचा फायदा अवशेष कमी, एवढाच. आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याचा फायदा याहून कितीतरी मोठा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. ताटातल्या अवशेषांची चर्चा करताना हा आकडा कुणी शेजारी मांडत नाही याचं नवल वाटतं.

---

पातेलं

म्हणजे पैसे माझ्या तब्येतीचे नव्हेत, फवारणाऱ्याच्या तब्येतीचे. हे जाहिरातीत छापलं तर कुणी घेणार नाही.

---

अर्धवट_वैद्य

दोन्हींचे. पण वाटणी तशीच.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही हाही गैरसमज काढा. गंधक चालतं, निंबोळी चालते, बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी तांब्याचा हिशोब ठेवावा: युरोपला पाठवायचं तर ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो ही तांब्याची कमाल मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. दमट वर्षी सवयीने बोर्डो मारत राहिलं की ती लवकर संपते.

---

नमुना_क्र_७

प्रयोगशाळेची बाजू मांडतो, कारण 'रिपोर्ट क्लीन आहे' हे वाक्य फार ऐकू येतं.

एफएसएसएआयप्रमाणे सेंद्रिय अन्नातली मर्यादा साध्या अन्नासाठीच्या कमाल मर्यादेच्या ५ टक्के, किंवा यंत्राला मोजता येणारी किमान पातळी, यांपैकी जे जास्त ते. म्हणजे शून्य नाही. शेजारच्या वाऱ्याने आलेला अंश आणि मुद्दाम मारलेलं औषध यांत फरक करायला ही जागा ठेवली आहे.

आता रिपोर्ट वाचताना. मल्टिरेसिड्यू चाचणीत शेकडो औषधं एका दमात तपासली जातात, पण *ग्लायफोसेट त्यात येत नाही*. ते पाण्यात विरघळणारं, वेगळ्या पद्धतीने काढावं लागतं, वेगळे पैसे पडतात. मँकोझेब आणि त्याच्या कुळातली बुरशीनाशकंही नाहीत; त्यांची कार्बन डायसल्फाइडवरून वेगळी चाचणी होते. महाराष्ट्रात सर्वांत जास्त खपणाऱ्या तणनाशकांतलं एक आणि बुरशीनाशकांतलं एक नेमकं वगळून आलेला 'क्लीन रिपोर्ट' काय कामाचा? रिपोर्टच्या मागे तपासलेल्या घटकांची यादी असते, ती मागा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता त्या विशिष्ट चाचणीला आहे का तेही बघा, प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी पुरत नाही.

उलट बाजूही सांगतो. कोबी, फुलकोबी, मोहरी, कांदा, लसूण यांत नैसर्गिक गंधकी संयुगं असतात. त्यांतून कार्बन डायसल्फाइड सुटतो आणि मँकोझेब न मारताही रिपोर्टात आकडा येतो. असा कांदा 'फेल' झाला तर घाबरून शेतकऱ्याला झोडपू नका, संस्थेला हा मुद्दा लेखी कळवा.

नमुना कसा घ्यायचा: ढिगाच्या वरून एक ओंजळ म्हणजे नमुना नव्हे. लॉटमधल्या वेगवेगळ्या गोण्यांत वर, मधे, तळाशी परखी (गोणीत खुपसायची पोकळ सळई) घालून काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं हवं तेवढं वजन उरेपर्यंत. दोन सीलबंद पिशव्या करा, एक स्वतःजवळ. वाद झाला तर तीच वाचवते.

---

शिवारफेरी

इथे पीजीएसला कुणी फारसं विचारत नाहीये, म्हणून तिची बाजू. लहान शेतकऱ्याला बाहेरच्या संस्थेची फी परवडत नाही. पीजीएसमध्ये गटातले किमान तीन जण दुसऱ्याच्या शेतावर जाऊन छापील यादीप्रमाणे तपासतात. गावातल्याला गावातलं माहीत असतं: रात्री कुणाच्या रानात पंप वाजला ते बाहेरच्या इन्स्पेक्टरला सात जन्मांत कळणार नाही.

परंपरागत कृषी विकास योजनेत गटांना मदत मिळते. सध्याच्या रचनेत तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट खात्यात, आणि प्रमाणीकरण व अवशेष तपासणीला ३,०००.

---

चाळणी_नंबर_४

शिवारफेरी, गावातल्याला माहीत असतं हे खरं. पण गावातला बोलतो का? चुलतभावाचं शेत नापास करून पुढे भावकीत लग्नाला जायचं असतं. तपासणीचे अर्ज एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेले पाहून वाईट वाटतं. योजनेची तीन वर्षं संपली की पैसे आटतात आणि गटही आटतो.

शिवाय पीजीएसची साखळी माल गटाच्या ताब्यात आहे तोवरच. व्यापाऱ्याने घेऊन स्वतःच्या गोदामात दुसऱ्या पिशवीत भरला की ती हमी संपली.

---

शिवारफेरी

एकाच पेनाचा मुद्दा कबूल. उपाय आहे: तपासणारे शेजारच्या वाडीतले घ्या, सख्खे नकोत, आणि दर हंगामाला जोड्या चिठ्ठी टाकून ठरवा. तपासणीला ग्राहकांतले दोघं बोलवा, पीजीएसमध्ये त्याला मुभा आहे. शहरातले लोक शेतात आले की अर्ज एका पेनाने भरणं आपोआप बंद होतं.

आणि एनपीओपीत सगळं आलबेल आहे का? बऱ्याच भागांत गटाचं सर्टिफिकेट खरेदीदार कंपनीच्या नावावर निघत आलं. शेतकऱ्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक माहीत नाही, कंपनीने त्या वर्षी माल उचलला नाही तर त्याला तो सेंद्रिय म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही. तीन वर्षं त्याने पाळलं आणि कागद दुसऱ्याच्या कपाटात.

---

हळदकाठी

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आठव्या आवृत्तीत गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असावं अशी तरतूद त्यासाठीच आली. सही करण्याआधी करारात तीन गोष्टी बघा: सर्टिफिकेट कुणाच्या नावावर, फी कोण भरणार, आणि कंपनीने माल नाही घेतला तर टीसी देऊन दुसरीकडे विकायची परवानगी आहे का. तिसऱ्या ओळीवरच बहुतेक करार गप्प असतात.

एनपीओपीचा गट २५ ते ५०० शेतकऱ्यांचा असतो. वर्षातून दोनदा प्रत्येक शेताची अंतर्गत तपासणी गटाने करायची, मग बाहेरची संस्था निवडक शेतं बघते. निवडलेल्यांत एकाकडे युरिया सापडला तर 'तो एकटा वाईट' असं होत नाही. तुमची अंतर्गत तपासणी ढिली आहे असा अर्थ निघतो आणि गट अडकतो. म्हणून संशय आलेल्या सभासदाला गटाने आधीच निलंबित करून कळवलेलं केव्हाही बरं. ज्या गटाच्या नोंदीत पाच वर्षांत एकही चूक नाही, तोच गट तपासनिसाला सर्वांत संशयास्पद वाटतो.

अवांतर: निर्यातवाल्यांसाठी. अमेरिकेने एनपीओपीला दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढली, जुलै २०२२ पासून तिथे माल पाठवायला त्यांच्याच मानकांचं थेट सर्टिफिकेट लागतं. आणि २०२० मध्ये युरोपात भारतीय तिळात एथिलीन ऑक्साइड सापडलं, सेंद्रिय तिळातही. हा वायू शेतात कुणी मारत नाही, जंतू मारायला माल साठवताना किंवा पाठवण्याआधी वापरतात. शेतकरी निर्दोष, लॉट बाद. वर चाळणी_नंबर_४ मिलबद्दल जे सांगतायत त्याचं हे मोठं रूप.

---

कोरडवाहू (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. व्यनितून निंबोळी अर्काचं प्रमाण विचारलं जातंय, इथेच देतो.

पाच टक्के अर्क, १०० लिटरसाठी: ५ किलो वाळलेली निंबोळी कुटून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. वेगळ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवा. सकाळी अर्क फडक्यातून दोनदा गाळा, साबणाचं पाणी मिसळा, एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी, संध्याकाळी मारा. दुपारच्या उन्हात त्यातला कामाचा घटक लवकर निकामी होतो.

चुका दोन. साबणाच्या जागी कपड्यांची पावडर: सेंद्रियमध्ये चालत नाही, मऊ साबण घ्या आणि त्याचं वेष्टन फाइलला लावा. आणि निंबोळी मागच्या वर्षीची, काळी पडलेली, बुरशी आलेली. सावलीत वाळवून गोणपाटात ठेवलेली, त्याच वर्षीची हवी. अर्क गाळताना आळस केला की नोझल चोंदतं आणि मग मजूर नोझलच काढून टाकतो.

---

नवा_नांगर

उशिरा आलो, एक शंका. यंदा नोंदणी करतोय. सोयाबीनचं विकत घेतलेलं बियाणं शिल्लक आहे, गुलाबी रंगाचं, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. दोनदा धुऊन पेरलं तर चालेल का?

---

बांधाला_बांध

नाही. धुतल्याने रंग जातो, औषध पूर्ण जात नाही, आणि सालपट भिजलं की सोयाबीनची उगवण बसते. दोन्हीकडून नुकसान. नोंदणीनंतर प्रक्रिया केलेलं बियाणं पेरल्याचं दिसलं तर त्या गट नंबरचा रूपांतरण काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ येऊ शकते.

घरचं किंवा ओळखीच्याकडचं औषध न लावलेलं बियाणं घ्या. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मोजून ठेवा, गुंडाळा, सहा-सात दिवसांनी मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा. ६४ उगवले तर ३३ किलो. आधी ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग रायझोबियम (नत्र मिळवून देणारे जिवाणू) १० किलोला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेरणी. चोळू नका, साल फार नाजूक असते, ताडपत्रीवर हलक्या हाताने खालीवर करा.

गुलाबी बियाणं दुकानदार परत घेत असेल तर द्या. नाहीतर नोंदणीत नसलेल्या रानात वापरा, पण पिशवीवरचं लेबल आणि पावती टाकून देऊ नका. 'हे बियाणं कुठे गेलं' हा प्रश्न पहिल्याच तपासणीत येणार.

---

नवा_नांगर

समजलं. पावती आहे, लेबलवर उंदराने हात मारलाय.

---

बांधाला_बांध

लॉट नंबर वाचता येत असेल तर आत्ताच फोटो काढून ठेवा.